सूर्यास्त कुठला धरायचा

११ ऑगस्ट २०२५, सोमवार. पहाटे ४.१०. निपाणी.
माडीच्या पायरीवर बसून दोन्ही मनगटांवरची घड्याळे जुळवत आहे. उजव्यावर निपाणी, डाव्यावर फिनलंड. सध्या फरक अडीच तासांचा, हिवाळ्यात साडेतीन.
परवा घरी आलो. वर्षभर फिनलंडात काचेच्या ग्रीनहाऊसमध्ये काकड्या तोडल्या. (लोकांना ‘काकडी उत्पादन विभागात होतो’ असे सांगायचे.) कंपनीने करार वाढवला नाही. कारण वैचारिक. सविस्तर लिहिण्याची गरज नाही.
संकल्प केले. रोज पाचला उठणे. कन्नड वाचायला शिकणे. दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा ‘आमच्या फिनलंडात’ न म्हणणे.

त्याच दिवशी, रात्री ९.
आई म्हणाली, ‘दोन-दोन घड्याळं घालून फिरतोस, स्टँडवर इकायला बसल्यागत दिसतोस रं.’ मी शांतपणे सांगितले की आमच्या फिनलंडात वेळेला किंमत असते. त्यावर तिने फळीवरचा रिकामा डबा खाली काढला. यापुढे ‘आमच्या फिनलंडात’ म्हटले की डब्यात पाच रुपये. मी हसून मान्य केले.
रात्रीपर्यंत पंचावन्न झाले. पहिला दिवस धरायचा नाही असे ठरवले. आईने धरला.

१३ ऑगस्ट, बुधवार.
आज आप्पांनी खताच्या दुकानातून चिकोडीला फोन केला. ऋतिकाच्या घरी. गेल्या वर्षी हे स्थळ दोन्हीकडून पसंत होते. ऋतिका तिथल्या पतसंस्थेत कॅशियर आहे, बी.कॉम. आहे. मी बारावी. तेही इंग्रजी सोडून. तरी पसंत होतो, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे. मात्र तिच्या आजीने, चंपाबाईंनी, अट घातली होती. ‘पोरगा परदेशाला चाललाय न्हवं? सूर्य मावळल्यावर तोंडात काय घालणार न्हाय म्हणून वरीसभराचा नियम घेऊ दे. पाळून आला की नात दिली.’
निघायच्या आदल्या दिवशी मी मुनी महाराजांसमोर नियम घेतला. आम्ही जैन, आमच्या घरात दिवेलागणीनंतर चूल पेटत नाही, त्यामुळे अवघड वाटले नाही.
नियम पाळला. पूर्ण पाळला. माझ्या मनात शंका नाही. ज्या काही तांत्रिक अडचणी आल्या त्या सूर्याकडून आल्या.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.
झेंडावंदनाला गेलो नाही. विचार करत बसलो. लिहून काढले की मुद्दे स्पष्ट होतात.
फिनलंडात जूनमध्ये सूर्य रात्री साडेअकराला मावळतो. त्यामुळे उन्हाळ्यात नियम पाळणे मला अजिबात जड गेले नाही. माझ्या मनोबलाचे ते पहिले उदाहरण.
डिसेंबरमध्ये सकाळी दहाला उगवतो आणि तीनला जातो. माझी शिफ्ट दुपारी बारा ते रात्री नऊ. सामान्य माणसाने नियम मोडला असता. मी अभ्यास केला. महाराजांनी ‘सूर्य’ म्हटले होते, कुठला ते म्हटले नव्हते. सकाळसाठी मी निपाणीचा सूर्य घेतला, कारण नियम निपाणीत घेतला होता. निपाणीत उजाडते तेव्हा तिकडे पहाटेचे साडेतीन. भूक लागून जाग आली तर पोहे करायला मोकळा.
संध्याकाळसाठी ग्रीनहाऊसचे दिवे घेतले. ते इतके प्रखर असतात की काकडीच्या वेलाला दिवस वाटतो. वेल मनात पाप ठेवत नाही. वेलाला जो दिवस तो मला दिवस.
हे सगळे वाचून पाहिले. कुठेही चूक सापडली नाही. शुद्धलेखनाचीही नाही.

२० ऑगस्ट, बुधवार.
चिकोडीला जाऊन आलो. आई, आप्पा, मी. पोहे दिले. चंपाबाई माझ्या मनगटांकडे बघत होत्या. नंतर मागच्या दारी ऋतिका हळूच म्हणाली, ‘एवढं थंड, एवढं काम. वर्षभर कसं जमणार कुणाला? चार-आठ दिवस मोडलं असेल तर आत्ताच मला सांगा. आजीला मी समजावते. ती वरून कडक आहे, आतून तशी नाही.’
मला तिचा स्वभाव आवडला. म्हणूनच स्पष्ट सांगितले, एकही दिवस नाही. ती म्हणाली, ‘नक्की?’ मी म्हणालो, आमच्या फिनलंडात मी पद्धतच तशी बसवली होती. ती म्हणाली, ‘पद्धत म्हणजे?’ मी म्हणालो, योग्य वेळी कळेल.
योग्य वेळ ही माझी खास कल्पना आहे. पुढे लिहितो.

२४ ऑगस्ट, रविवार.
गुरुवारपासून दशलक्षण पर्व, दहा दिवस, रोज एका गुणाचा दिवस. समाजमंदिरात रोज दुपारी चारला एकाचे दहा मिनिटांचे अनुभवकथन असते. ‘उत्तम संयम’ हा दिवस मी मागून घेतला. चंपाबाईंचे माहेर निपाणीच, पर्वाचे दहा दिवस त्या इथे भावाकडे असतात. ऋतिकाही त्या दिवशी रजा काढून येणार. म्हणजे एका भाषणात नियम, समाज आणि लग्न.
विषय: ‘परदेशात संयम: तीन सूर्यांची पद्धत’. तीन फूट बाय दोन फुटांचा रंगीत तक्ता लॅमिनेट करायला दिला. आप्पा म्हणाले, ‘दहा मिन्टाच्या भाषणाला दाराएवढा तक्ता कशाला?’ पुढे पुस्तिका काढायची आहे, हे त्यांना अजून सांगितलेले नाही.
पुरावाही हवा. सौरवला फोन केला. सौरव बेळगुंदीचा, तिकडे माझा रूममेट, सध्या महिन्याच्या रजेवर. स्वभावाने सरळ. म्हणाला, ‘येतो की. तुझ्यासारखा कडक मानूस मी बघितलाच न्हाय.’ साक्षीदार असाच असावा.

२९ ऑगस्ट, शुक्रवार.
दुकानात भाषणाची तालीम केली. आप्पा म्हणाले, युरिया घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइके माघारी गेली. मी त्यांना दिव्यांचा भाग समजावत होतो.
पाचला उठणे जमत नाही. वेळ बदलल्याने शरीर गोंधळलेले असते. येऊन तीन आठवडेही झालेले नाहीत.
कन्नड: दुकानांच्या पाट्या वाचायला सुरुवात केली. दोन झाल्या. त्यातल्या एकीवर मराठीतही लिहिलेले होते.

२ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ८.
आज उत्तम संयम. पांढरा शर्ट इस्त्री केला. तक्ता भिंतीला लावून पाहिला, फार उठावदार. निळा सूर्य निपाणीचा, पिवळा फिनलंडचा, जांभळा ग्रीनहाऊसचा. सौरव नऊच्या बसने निघतो आहे. मन शांत आहे. नाश्ता दोनदा केला.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.१५.
क्रमाने लिहितो.
भाषण उत्तम झाले. आठ मिनिटांपर्यंत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. काही बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, मी ते भक्तिभाव म्हणून धरले. मग सौरवला उभे केले.
सौरव म्हणाला, ‘वृषभानं नियम लई कडक पाळला बघा. लाइट गेली की ताट बाजूला. शिफ्ट सुटायची नवाला आन् लाइटबी जायची नवाला. दोन घास खातोय तवर अंधार. बिचारा रडकुंडीला आलता. मग त्यो रोज पॅनलवर जाऊन लाइट चाळीस मिन्टं वाढवायला लागला. बारा दिवस वाढवली. मग सुपरवायझर बाईला बिल आलं.’ एवढे बोलून त्याने माझ्याकडे प्रेमाने पाहिले.
हा भाग मी भाषणात घेतला नव्हता. दहा मिनिटांत सगळे बसत नाही.
मागून कोणीतरी म्हणाले, ‘म्हंजे गड्यानं सूर्यच वाढवला म्हनायचा.’ त्यावर जे हसू झाले ते पर्वाला शोभणारे नव्हते.
मी खुलासा केला की पॅनलवर फक्त वर जाणारा बाण दाबायचा असतो, आणि काकड्यांची तक्रार नव्हती. खुलाशाचा उपयोग झाला नाही.
मग चंपाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, ‘तुझे तीन सूर्य कळले बाळ. मग खायाचं बंद कवा असायचं?’ प्रश्न सोपा होता. मी तक्त्यावर बोट ठेवून सांगितले, रात्री नऊ चाळीस ते पहाटे साडेतीन. सौरव म्हणाला, ‘तवा ह्यो घोरत असायचा, आज्जी.’
चंपाबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘आमच्या घरात एकच घड्याळ हाय, तेबी दिवाळीपास्नं बंद हाय. आमी आपलं खिडकीतनं बघतो.’
शाल आधीच आणलेली होती म्हणून दिली. अध्यक्षांनी घडी न मोडता हातात ठेवली.

३ सप्टेंबर, बुधवार.
चूक सौरवची. साक्षीदाराला किती बोलायचे हे कळत नाही. चूक तक्त्याचीही. जांभळा रंग गंभीर वाटत नाही. प्रकाश जास्त दिला तर काकडीला फायदाच होतो, हे मी एका व्हिडिओत पाहिले होते. सुपरवायझर बाईने तो पाहिलेला नव्हता. वैचारिक मतभेद म्हणतात ते हेच.
दुकानात आलेल्या प्रत्येकाने आज वेळ विचारली.

४ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी १.३०.
ऋतिकाचा फोन. जेवणाच्या सुट्टीत केला होता. मी आधीच बोलायला सुरुवात केली की हा विषय मुळात खगोलशास्त्राचा आहे. ती म्हणाली, ‘भूक लागली, खाल्लं, एवढं म्हणाला असतात तर आजीनंच तुम्हाला जवळ घेतलं असतं. मी दारात उभी राहून विचारलं होतं की.’
मी म्हणालो, पण मोडला असता तर म्हणालो असतो ना.
ती म्हणाली, ‘बरं. मग लग्नाचा मुहूर्त कुठल्या सूर्यावर धरायचा तेवढं सांगा.’
मी विचार करू लागलो. प्रश्न खरोखर विचार करण्यासारखा होता. तेवढ्यात तिने फोन ठेवला.
नकार असे स्पष्ट म्हणाली नाही. आप्पांच्या मते म्हणाली.

६ सप्टेंबर, शनिवार.
योजना तयार आहे. सोमवारी क्षमावणी. त्या दिवशी प्रत्येकजण प्रत्येकाकडे जाऊन वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतो, आणि समोरच्याला ती द्यावीच लागते. म्हणजे चंपाबाईंना पर्याय नाही. सोमवारी त्या चिकोडीला परतलेल्या असतील. पाचपर्यंत पोहोचायचे. त्यांची जेवणे सहाला होतात, जावई होणाऱ्या माणसाला ताटावर बसवतीलच. एका पंगतीत उजेडी जेवलो की विषय मिटला.
कशाची क्षमा मागायची ते अजून ठरत नाही. ‘सौरवला बोलावल्याबद्दल’ असे सध्या लिहून ठेवले आहे.
आई म्हणाली, ‘जातोस तर एक घड्याळ काढून जा रं.’ मी म्हणालो, आमच्या फिनलंडात लोक… पाच रुपये.

८ सप्टेंबर, सोमवार. चिकोडी स्टँड. दोन्ही घड्याळे पिशवीत असल्यामुळे वेळ माहीत नाही.
पुन्हा क्रमाने लिहितो.
दुपारी दुकानात बसून क्षमेचा मसुदा सुधारत होतो. मधूनमधून मनगट बघत होतो. वेळ भरपूर होता. आप्पा म्हणाले, ‘अजून हितंच?’ मी मनगट दाखवले. ते आत गेले. आरामात बस धरली. वाटेत बाहेर अंधारून आले, मला ढग वाटले. कंडक्टरने कन्नडमध्ये ‘चिक्कोडी बंतु’ ओरडून सर्वांना उतरवले तेव्हा स्टँडवरचे दिवे लागलेले होते. मी पुन्हा पाहिले. चार चाळीस.
चंपाबाईंच्या दारात पोहोचल्यावर लक्षात आले की आपण दिवसभर डावे मनगट बघत होतो.
घरात भांडी घासून पालथी घातलेली. चूल सारवलेली. ऋतिका दिवा लावून पतसंस्थेचे काही वाचत होती, तिने मान वर केली आणि खाली घातली. मी हात जोडून उत्तम क्षमा म्हणालो. चंपाबाईंनीही हात जोडले. ‘क्षमा केली बाळ. आज सकाळपास्नं दूधवाल्यालाबी केली.’
मी निघालो असतो. पण त्यांनी माझा डावा हात धरून घड्याळ दिव्याजवळ नेले. ‘किती वाजले रं तुझ्या गावात?’ मी सांगितले. ‘उजेड असंल न्हवं अजून तिकडं?’ मी म्हणालो, आठपर्यंत असतो.
‘मग ह्याचा दिवस बुडाल्याला न्हाय,’ चंपाबाई आत बघून म्हणाल्या. ‘ऋतिका, भडंगाचा डबा आण गं. लांबनं आलाय पोरगा, भुकेला असंल.’
ऋतिकाने ताटली माझ्यापुढे ठेवली. मग दोघी समोर बसल्या. नुसत्या बघत राहिल्या.
दुपारपासून माझ्या पोटात काही नव्हते. शिवाय त्यांचा मान राखणे आवश्यक होते. शिवाय फिनलंडच्या हिशेबाने काहीच गैर नव्हते.
भडंग चांगले होते. लसूण नव्हता. दुसऱ्यांदा मी मागून घेतले.
निघताना ऋतिका दारापर्यंत आली. मला वाटले काही बोलेल. तिने बॅटरी लावून पायऱ्या दाखवल्या आणि म्हणाली, ‘जपून. इकडे रात्र आहे.’
शेवटची बस गेलेली आहे. आप्पांना फोन केला. मोटारसायकल घेऊन येतो म्हणाले, आणि जेवलास का विचारले. मी म्हणालो, हो. ते म्हणाले, ‘कवा?’

खर्च:
लॅमिनेटेड तक्ता ६५०. (रद्दीवाला प्लास्टिक म्हणून घेत नाही.)
सौरवचे जाणे-येणे व जेवण ३८०. जेवण सूर्यास्तापूर्वी.
चिकोडी, एकूण दोन फेऱ्या, पेढ्यांसह ५४०. आजचे पेढे पिशवीतच राहिले.
फिनलंडात चाळीस मिनिटे दिवस वाढवल्याबद्दल पगारातून कापलेले २८० युरो.
देणे:
मामांचे, फिनलंडला पाठवणाऱ्या एजंटसाठी घेतलेले, एक लाख चाळीस हजार.
आईच्या डब्यात ८९५. घरी गेल्यावर आजचे सांगावे लागेल, म्हणजे ९०० धरावेत.