सुई नको, शाळा हवी

कैनाड, गुरुवार, १२ मार्च १९६४

डहाणूच्या डॉक्टरांनी आज माझ्या पाठीसाठी कॉर्टिझोनची सुई भरलीच होती. मी सहज बोलून गेले, वर्गात कांजिण्यांची साथ आहे आणि मला त्या कधी आलेल्या नाहीत. त्यांनी सुई खाली ठेवली.

"बाई, या औषधाने रोगाशी लढायची ताकद घटते. कांजिण्या जिवावर बेततील. सुई हवी तर महिनाभर शाळेत जायचं नाही."

"रजा टाक," हे लगेच म्हणाले.

का टाकू? मी एकटीच मास्तरीण, शाळेला कुलूप लागेल. पाड्यावरची पोरं आत्ता कुठे यायला लागलीत.

"दुखू दे पाठ," म्हणून मी उठले.

परतताना एसटीच्या प्रत्येक धक्क्याला कळ आली. ह्यांना कळू दिलं नाही. उद्या उभं राहवलं नाही, तर चटईवर आडवी पडून पाढे घेईन.