नऊ नंबरची शेकोटी

१८ मे
पोचलो एकदाचे! ट्रेलर चौदा नंबरच्या जागेत पहिल्या फटक्यात सरळ लावला, म्हणून ऑरिनने मला सलाम ठोकला. हृदयाच्या ऑपरेशननंतर माझा नवरा आज पहिल्यांदा पोट धरून हसला. तळं गोठेपर्यंत आम्ही या उद्यानाचे यजमान. तंबूवाल्यांना जागा दाखवायच्या, शिस्त लावायची, बदल्यात इथेच राहायचं. समोर तळं, मागे पाईन आणि बर्च, लून पक्षी पहाटेपासून ओरडतायत. वनरक्षक एल्रॉय त्वेत चावी देऊन गेला. जाता जाता म्हणाला, नऊ नंबर कुणाला देऊ नका. निघणारे लोक उरलेलं लाकूड तिथे ठेवतात, ते रोज संध्याकाळी पेटवून द्या. का, तर म्हणे असंच चालत आलंय.

६ जुलै
डोकं फिरलंय माझं. रिकाम्या जागेत शेकोटी पेटवायची नाही असं नियमावलीत ठळक छापलंय, आणि मीच ती रोज पेटवायची? त्यावर दहा नंबरची कूसिस्तो बाई मला शिकवते, "लाकूड काय तुमच्या माहेरचं आहे? पेटवा की गुमान!" सगळं लाकूड ढकलगाडीत भरून आमच्या जागेत आणलं. नऊवर बादलीभर पाणी ओतलं. बसा म्हणावं आता.

१९ ऑगस्ट
नऊवर ओल्या पावलांचे ठसे. तळ्यातून वर आलेले, शेकोटीच्या दगडांभोवती गोल गोल फिरलेले. टवाळ पोरं, दुसरं कोण! चार तंबूंना झापलं. एकेकाने तंबूची चेन ओढून घेतली.

२३ सप्टेंबर
तंबूवाले गेले. आता पेटते ती फक्त आमची शेकोटी. आज ठसे तिच्यापर्यंत आलेत. ऑरिनच्या खुर्चीशेजारी पाण्याचं थारोळं.

१२ ऑक्टोबर
एल्रॉयला खिंडीत गाठलं तेव्हा कुठे त्याचं तोंड उघडलं. चाळीस वर्षांपूर्वी अर्न सोल्बर्ग नावाचा माणूस तळ्याच्या पहिल्या बर्फावर मासे धरायला गेला आणि बर्फ फुटून बुडाला. बायको नऊवर शेकोटी करून त्याची वाट बघत होती. "त्याला शेकायला लागतं हो. नऊवर आग असली की गप्प बसतो, नाहीतर सोबत शोधत फिरतो." आधी का नाही बोललास, मी ओरडले. तर टोपी चुरगाळत म्हणतो, "नव्या माणसाला आल्या आल्या घाबरवणं बरं दिसत नाही, बाई." बरं दिसत नाही! यांची सभ्यता घाला चुलीत. घर पेटलं तरी आधी कॉफी विचारतील.
संध्याकाळी नऊवर पेटवली. तो तिथे आलाच नाही. आमच्याकडेच आला.

९ नोव्हेंबर
ऑरिन दोन खुर्च्या मांडतो. म्हणतो, बिचारा अर्न एकटा आहे, माशांच्या जागा त्याला पाठ आहेत. ऑरिनचे हात गारठलेले. मी आग विझवली, दुसरी खुर्ची मोडली, निघू या म्हटलं. गाडीची चावी त्याने लपवलीय. म्हणतो, शब्द दिलाय, पहिल्या बर्फावर जायचं. ऑपरेशनच्या वेळी खोलीबाहेर अकरा तास मी बसले होते. अर्न नव्हता बसला.

२ डिसेंबर, दुपार
तळं गोठलं. फार तर दोन बोटं जाड.
ऑरिनचा गळ नाही — स्टूल नाही —
लांब बर्फावर दोघं जण. हाका मारून घसा बसला. ऑरिन वळून बघत नाही. एल्रॉयला फोन केला. येतोय म्हणे.

नऊवर आलेय. काड्या दमट — पेट ना गं बाई —

पेटली. धूर वर चढला. दोघं थांबले —

बर्फ कडाडला. आता एकच. इकडेच येतोय. लाल टोपी ऑरिनची — चाल त्याची नाही —

येऊ दे मेल्याला. कुऱ्हाड घेतलीय हातात. माझा माणूस —

पण हाक मारतोय ती माझ्या लाडाच्या नावाने, आणि ते नाव तर फक्त ऑरिनला माहीत —