मिठाचं शाळेतलं नाव

आई, मिठाला शाळेत सोडियम क्लोराइड म्हणतात. तू हसशील. नातीचं विज्ञानाचं पुस्तक सध्या माझ्याकडंच असतं. भाकरी झाल्या की मी ओट्यापाशी उभी राहून वाचते. ती ओरडते, "आज्जी, परीक्षा तुला हाय का मला?" दोन पदार्थ मिळून तिसरा झाला की त्याचं नाव कसं ठेवायचं, याचे नियम त्यात दिलेत. धातूचं नाव आधी घ्यायचं आणि ते तसंच ठेवायचं. दुसऱ्याचं शेपूट बदलायचं. सोडियम सोडियमच राहतो, क्लोरीनचं मात्र क्लोराइड होतं. मी विचारलं, "पहिल्याचं का नाही बदलत गं?" ती म्हणाली, "तसा नियमच हाय."

मला लग्नातलं तांदळाचं ताट आठवलं. हे माझ्या शेजारी बसून तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहितायत. नाव त्यांनीच निवडलेलं, मला न विचारता. तू बायकांच्या मागं उभी, पेढा नुसता हातात धरून. पुढं नागापूरच्या आमच्या खोलीवर तू बाजरीचं गठुडं घेऊन आलीस आणि दारातूनच माहेरच्या नावानं हाक मारलीस. सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात तिला ह्या नावानं कुनी बोलवत न्हाई." तू गठुडं खाली ठेवलंस. "तुमी बोलवा तुमच्या नावानं. माझ्या हाकंला ती ह्याच नावानं येती." मी पिठाच्या हातांनी तशीच उठून तुझ्याकडं आले होते.

तू गेलीस तसं ते नाव गेलं. हे गेले आणि दुसरंही गेलं. आता मी वहिनी, आई, आज्जी. धाकटी म्हणते, "अक्का, घे की माहेरचं नाव परत. आता कोण अडवतंय?" तेव्हापासून ते डोक्यातून जाईना. म्हणून पुस्तकात पुढं वाचलं. मीठ पाण्यात विरघळलं की ते दोघं सुटे होतात, असं लिहिलंय. नातीला विचारलं, "मग त्याचं परत क्लोरीन होतं का?" "न्हाई आज्जी. सुटं झालं तरी क्लोराइडच." मला पटेना. वाटीभर पाण्यात मीठ टाकून ढवळत बसले. दिसेनासं झालं. चाखलं तर खारट ते खारटच.

तू समोर असतीस तर पुढचं सांगितलं नसतं. काल दुपारी घरात कुणी नव्हतं. तू ठेवलेल्या नावानं मी मोठ्यांदा हाक मारून पाहिली, अगदी तुझा हेल काढून. बरं वाटलं, पण शेजारच्या एखाद्या पोरीला बोलावल्यासारखं. मग यांनी ठेवलेलं नाव घेतलं. तोंडातून "ओ" निघून गेलं, आई, आणि मी दाराकडं बघितलं.