पिल्लं गमावलेलं अस्वल

मंगळवार, १४ तारीख

चि. चिऊस,

मामाचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. मामीचा गुडघा हल्ली मामीपेक्षा जास्त बोलतो. दुकानही चालू आहे. वकिलांची बाडं, शाळेची रजिस्टरं, बाइंडिंगला काही ना काही येत असतं. तुझ्या तब्येतीचं कळव.

तुझी आई, माझी अक्का, गेल्याला सव्वा महिना झाला. निरोप तुला पोचला होता असं कळलं. तू आली नाहीस, त्याबद्दल मी काही विचारत नाही.

पत्राला कारण, माझ्या हातून झालेली एक चूक. सहा दिवस इस्पितळाच्या धुलाईघरात ओल्या चादरी पिळून अक्का सातव्या दिवशी प्रार्थनागृहात मुलांना हिब्रू शास्त्र शिकवायची, ते तुला ठाऊकच आहे. तिच्या टिपणांचे सुटे कागद सापडले. त्या ग्रंथात जनावरांचं बळ आणि उग्रपणा कशासाठी आलाय, एवढाच सगळ्या कागदांचा विषय. तुझ्यासाठी म्हणून मी ते बांधायला घेतले आणि नेहमीच्या सवयीने डाव्या कडेला शिवले. हिब्रू वाचतात उजवीकडून, आणि तिने पानंही तशीच लावली होती. चाळीस वर्षं सुई धरलेल्या माणसाने बहिणीचं पुस्तक उलटं बांधलं! मामी म्हणाली, "अक्का असत्या तर तुमचे कान उजवीकडून धरून डावीकडे पिळले असते."

टाके उसवत बसलो, म्हणून पान न् पान वाचलं गेलं.

चिऊ, मी तिच्या शेजारी जन्म काढला, पण ती असा विचार करते हे मला माहीत नव्हतं. सिंहाबद्दल लिहिलंय, की तो कोणापुढेही मागे फिरत नाही, एवढंच त्याचं कौतुक; का फिरत नाही असं मुलांनी विचारलं तर सांगावं, मान आखडली असेल! रानबैलाबद्दल देव माणसाला विचारतो, हा तुझ्या गोठ्यात राहील का? खाली अक्काचं टिपण: "ताकद दिसली की ती आपल्या नांगराला जुंपायची, ही माणसाची खोड. देवाला हा बैल मोकळाच आवडतो." लढाईतल्या घोड्याचं पान तर मी मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. तो भीतीला हसतो म्हणे. मामीने गुडघा चोळणं थांबवलं.

मग अस्वलाचं पान आलं. पिल्लं गमावलेलं अस्वल शास्त्रात तीन ठिकाणी येतं, आणि एका ठिकाणी तर देव स्वतःच म्हणतो, मी तसा चालून येईन. अक्काने लिहिलंय, "हा उग्रपणा स्वभावाचा नव्हे. जे गेलं त्याच्या मापाचा आहे." खाली एक तारीख, बस्स.

ती तारीख तू विसरली नसशील. त्या दिवशी अक्का तुझ्या शिलाई कारखान्यात शिरली आणि तुझं ज्याच्याशी ठरलं होतं त्या मुकादमाची कॉलर धरून चाळीस बायांसमोर त्याला कटिंगच्या टेबलावर दाबलं. लग्न मोडलं, नोकरी गेली. तू विचारलंस, "तुला कोणी काय सांगितलं?" ती म्हणाली, "कोणी नाही. मीच ठरवलं." तू म्हणालीस, "तू आई नाहीस, जनावर आहेस." मी दारात तिची पिशवी धरून उभा होतो.

घरी येताना तिने एवढंच म्हटलं, "जनावर म्हणाली. पोरगी शास्त्र वाचायला शिकली."

त्या पानावर मी माझं नाव शोधलं. दोनदा शोधलं. नव्हतं.

त्या तारखेच्या आदल्या आठवड्यात बाजारामागच्या गल्लीत त्या मुकादमाने तुझा हात पिरगाळताना मी पाहिलं होतं. तू रडत नव्हतीस, सवय झाल्यासारखी उभी होतीस. मी पानाच्या गादीमागे लपलो. तो आडदांड होता आणि मी घाबरलो, याहून दुसरं कारण नाही. संध्याकाळी अक्काला सांगितलं आणि वर म्हटलं, "माझं नाव काढू नकोस हं." तिने काढलं नाही. आठ वर्षं तू तिला एक पत्र लिहिलं नाहीस, तरी काढलं नाही. शेवटच्या आठवड्यात मी म्हटलं, "अक्का, आता मी सांगू का तिला?" ती म्हणाली, "तुला झेपेल तेव्हा सांग. मला झेपतंय."

चादरी पिळणारे तिचे हात लोकांनी पाहिले. त्यांच्यात काय बळ होतं ते मी पाहिलंय. त्या दिवशी तिने त्याला धरलं ते काहीच नाही. त्यानंतरची आठ वर्षं तिने जे धरून ठेवलं, त्याच्यापुढे मी मान खाली घालतो.

पुस्तक आता नीट उजवीकडून बांधलंय. टपालाने पाठवत नाही. येऊन घेऊन जा. तिच्यावरचा राग सोबत आण आणि तो इथे माझ्यावर काढ, मी घरीच असतो. या वेळी कुठे लपणार नाही.

ज्याने तिला सांगितलं होतं, तो
तुझा मामा