मुक्कामी एक, शेजारी एकतीस

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
लॉज व धर्मशाळा परवाना कचेरी,
देवपूर, धुळे.

दिनांक : १७ जानेवारी १९६८

विषय : प्रार्थनागृहातील बावीस जणांना शुक्रवारी बाहेर काढण्याचा आदेश मागे घेणे, तसेच एका इसमापुरता परवाना मिळणे याबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. १२ जानेवारी १९६८.
२) आपले पत्र, दि. १५ जानेवारी १९६८ (निरीक्षक श्री. जीवराम पाटील यांचे हस्ते).

महोदय,

खाली सही करणार मी, नदीकाठ ख्रिस्ती मंडळीचा चिटणीस, आमचे पाळक रेव्ह. शमुवेल वळवी यांच्या सांगण्यावरून हा अर्ज करीत आहे. अर्ज लांबला आहे, त्याबद्दल क्षमा असावी. पाऊसही लांबला आहे.

१. मंगळवार दि. ९ पासून शहरात बेमोसमी पाऊस आणि गार वारा चालू आहे, हे आपण जाणताच. आमच्या प्रार्थनागृहापासून दोनशे दहा पावलांवर पांझरेचा मोठा पूल आहे. त्याखाली राहणाऱ्यांची अंथरुणे भिजली, चुली विझल्या. त्या संध्याकाळी नऊ जण आले. बुधवारी एकतीस झाले, ते आजही एकतीस आहेत. त्यांचे जेवण मंडळीतील घरांच्या मुठीतून होते. आमच्यात रोज स्वयंपाकाला बसताना बाजरीची एक मूठ वेगळ्या डब्यात टाकण्याची रीत आहे. तो डबा रविवारी प्रार्थनागृहात येतो. नोटिशीसोबत आलेल्या आपल्या नमुन्यातील 'जेवणाचा दर' या रकान्यात मी म्हणूनच 'मूठ' असे लिहिले. त्यावर 'मूठ म्हणजे किती?' असा शेरा आला. मी अकरा घरांच्या मुठी तोलल्या. सरासरी सत्तर ग्रॅम भरली. भगिनी मंडळाच्या अध्यक्षा इंदिराबाई यांची मूठ पंच्याण्णव ग्रॅमची निघाली. त्यानंतर त्या इतरांच्या मुठींविषयी जे बोलल्या ते या अर्जाशी संबंधित नाही.

२. सदर प्रार्थनागृह हे लॉज आहे असा आपल्या कचेरीचा समज झाला, त्यात कचेरीचा दोष नाही, माझा आहे. मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर असल्याने मला नोंदी ठेवण्याची सवय आहे. बुधवारी मी दारावर एक फळा लावला व त्यावर खडूने लिहिले : 'आजची संख्या ३१. आतील तापमान १७. चहा सकाळी ६ वाजता.' मंडळीतील लोकांनी घरून किती गोधड्या आणाव्यात हे त्यांना कळावे, एवढाच हेतू होता. परंतु गुरुवारी पहूरचे एक गृहस्थ ट्रंक घेऊन आले आणि त्यांनी खिडकीजवळची खाट मिळेल का, असे विचारले. त्याच दिवशी आपल्या निरीक्षकांनी सायकलवरून जाताना तो फळा वाचला. शुक्रवारी नोटीस आली. फळा मी काढला आहे. नोटीस मात्र राहिली आहे.

३. नोटिशीप्रमाणे दर माणशी पासष्ट चौरस फूट जागा हवी. आमचे सभागृह तीस फूट लांब, वीस फूट रुंद; म्हणजे सहाशे चौरस फूट. त्यात नऊ माणसे बसतात व पंधरा चौरस फूट उरते. उरलेले बावीस जण शुक्रवार दि. १९ रोजी सायंकाळी पाचपर्यंत बाहेर काढावेत, असा आदेश आहे.

नियमामागे स्वच्छ हवेचा विचार आहे, तो मला पूर्ण मान्य आहे. नोटिशीपूर्वीच, बुधवारी रात्री, मी चुन्याची निवळी बशीत ओतून सभागृहात ठेवली होती. उच्छ्वासाच्या हवेने ती लवकर पांढुरकी झाली, तेव्हा वरच्या दोन खिडक्या उघडल्या. त्याने तापमान एका अंशाने उतरले. ते गुरुवारच्या खालील आकड्यात धरलेले आहे. आता मुख्य मुद्दा. मंगळवारी आत नऊच जण होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता बाहेर ९ अंश व आत १२ अंश होते. गुरुवारी सकाळी एकतीस जण असताना बाहेर ८ व आत १७ होते. सभागृहात शेगडी नाही. निजलेला माणूस सुमारे पंचाहत्तर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता देतो. बावीस माणसे बाहेर काढणे म्हणजे साडेसोळाशे वॅटची शेगडी विझविणे होय. त्यामुळे बाहेर गेलेले बावीस गारठतील हे तर आहेच, पण नियमानुसार आत राहिलेले नऊही गारठतील. यात ताजबी नावाच्या सत्तरीच्या बाई आहेत. त्यांना दमा आहे. मंगळवारी, बारा अंशांत, त्या आडव्या होऊ शकल्या नाहीत, भिंतीला टेकून बसून राहिल्या. सतरा अंशांत त्या झोपतात. माझ्या मोजमापाचा उपयोग एवढाच, पण तो एवढा आहे.

४. तरीही आदेशाचे पालन करण्याचा आम्ही प्रयत्न केला. सोमवारी दुपारी पाळकांनी सर्वांना आदेश वाचून दाखविला आणि कोण राहणार व कोण जाणार हे आपसांत ठरवा, असे सांगितले. प्रथम चुडामण उठला. हा धान्याच्या बाजारात हमाली करतो. तो म्हणाला, मी धडधाकट आहे, मी जातो. लगेच ताजबींनी आपले बोचके ओढले आणि तरण्याताठ्यांनी राहावे, म्हातारीचे काय, असे म्हणत त्या दाराकडे निघाल्या. मग एकेक करून सगळेच उठले. पाच मिनिटांत एकतीसही जण जाण्यास तयार झाले. आपल्या आदेशाप्रमाणे नऊ जण राहावयास हवेत. ते नऊ कोठून आणावेत हे आम्हांस कळेना. इंदिराबाईंनी सर्वांना दरडावून खाली बसविले, तेव्हा संख्या पूर्ववत झाली.

५. आता नोंदवहीबद्दल. 'राहत्या घराचा पत्ता' या रकान्यासाठी मी प्रत्येकास विचारले. चुडामण म्हणाला, "लिखी ले भाऊ. मोठा पूल, तिसरा खांब. टपाल येत नही, पन पानी बरोबर येस." मी टपालाचा व पाण्याचा भाग वगळून पत्ता लिहिला. बाकीच्यांचेही असेच खांब लिहून यादी आपल्या कचेरीस दिली. संदर्भ क्र. २ च्या पत्रात आपण 'पुलाचा खांब हे राहते घर नव्हे' असे कळवून एकतीसही पत्ते नामंजूर केले. आपला हा निर्णय अचूक आहे, असे मी नम्रपणे नमूद करतो.

६. ते पत्र घेऊन श्री. जीवराम पाटील सोमवारी चार वाजता आले. त्यांना माणसे मोजावयाची होती. पहिल्यांदा एकोणतीस भरली, मग तेहेतीस, तिसऱ्यांदा एकतीस. तोवर पावसाने जोर धरला. ते आधीच चिंब भिजलेले होते आणि त्यांचे दात वाजत होते. सायकलचा दिवा पेटेना. ते निघाले तेव्हा ताजबींनी त्यांची बाही धरली. "बेटा, ये कागज कल भी सूखेगा नहीं. तू तो सूख जा," असे म्हणून त्यांनी भिंतीलगतची स्वतःची जागा त्यांना दिली. ते भाकरी खाऊन तेथेच झोपले. नोंदीशिवाय कोणासही ठेवू नये या नियमाची त्यांनीच मला आठवण करून दिली व बत्तिसावी नोंद स्वहस्ते केली. राहते घर : गल्ली नं. ४, धुळे. मुक्कामाचे कारण : पाऊस. सही. मंगळवारी सकाळी आतील तापमान साडेसतरा होते. यावरून सरकारी माणसाची उष्णता इतरांइतकीच असावी, असे दिसते. परंतु माझ्या तापमापकावर अर्ध्या अंशाहून बारीक खूण नाही, म्हणून अधिक दावा करीत नाही. सदर प्रसंग अर्जात लिहावा, अशी त्यांची स्वतःची सूचना आहे.

७. आपल्या नोटिशीच्या दुसऱ्या कलमात व्याख्या दिली आहे : 'मुक्कामी म्हणजे ज्याचे राहते घर अन्यत्र आहे व जो तात्पुरता उतरला आहे असा इसम.' एकतीस जणांना राहते घर नाही, हे आपण लेखी ठरविले आहे. म्हणून ते मुक्कामी नाहीत, आणि मुक्कामींसाठी असलेला पासष्ट फुटांचा नियम त्यांना लागू होत नाही. मग ते कोण, असा प्रश्न आपण विचाराल. तो मी पाळकांना विचारला. ते म्हणाले, "शेजारी. दोनशे दहा पावलं तूच मोजलीस ना?" आपल्या नमुन्यात शेजाऱ्यांसाठी रकाना नाही.

व्याख्येत तंतोतंत बसणारा मुक्कामी आमच्या नोंदवहीत एकच आहे. तो क्र. ३२.

तरी विनंती की, शुक्रवारचा आदेश मागे घ्यावा, व बाहेरचे सकाळचे तापमान लागोपाठ तीन दिवस बारा अंशांच्या वर जाईपर्यंत शेजाऱ्यांना राहू द्यावे. तसेच दि. १५ रोजी विनापरवाना उतरलेल्या एका मुक्कामी इसमाबद्दल आम्ही दिलगीर आहोत; त्याच्यापुरता परवाना मागील तारखेपासून मिळावा. त्यास पासष्ट चौरस फूट जागा मिळाली नव्हती, हे कबूल करतो. त्याला मिळालेली जागा ताजबींची होती आणि ती साधारण बारा चौरस फूट भरते.

आपल्या उत्तराची आणि कोरड्या दिवसाची वाट पाहणारा,

आपला नम्र,
(सही)
याकोब गुलाब पाडवी, बी.एस्सी.
चिटणीस, नदीकाठ ख्रिस्ती मंडळी,
देवपूर, धुळे.

सोबत :
१) तापमानाचा तक्ता, दि. १० ते १७ जानेवारी, सकाळ व संध्याकाळ.
२) नोंदवहीची नक्कल, क्र. १ ते ३२.
३) श्री. जीवराम पाटील यांचा हातरुमाल. तो त्यांनी वाळत घातला होता व नेण्यास विसरले. आता वाळला आहे.