शेतातल्या मातीतला वड

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

तिफण, वखर, बैलगाडीची दोन्ही चाकं, रेखाचा पाळणा, हे टेबल. सगळं माझ्या हातचं, कोणी शिकवलं नाही. आणि वीतभर बोन्साय मला जगवता येत नाही!

लेकीनं, रेखानं, पहिल्या पगारात जठारपेठेतून विकत आणलेला वड. कुंडीत नुसती खडी न् विटांचा चुरा. ही काय माती झाली? शेत विकलं त्या दिवशी बाळापूरहून डबाभर काळी माती आणली होती, तीच घातली. जिच्यात कापसाची पऱ्हाटी छातीला लागायची, तिच्यात या एवढ्याशा वडाला काय कमी पडणार होतं?

आता वरून भेगा, आत चिखल. एकाच फांदीला पानं उरलीत.

दुपारी नर्सरीवाला सलीम पाहून गेला. "काका, मुळ्या सडून राह्यल्या. काळी माती पानी सोडत नाही. फेका ते माती."

"तू मले माती शिकवतं का रे?"

तो गेल्यावर बायको म्हणाली, "तुमाले झाड पाह्यजे का माती, एकदाचं सांगा."

काय सांगू? माती फेकली तर शेतातलं माझ्याजवळ काय उरतं?

रविवारी रेखा अमरावतीहून येईल. चपला काढायच्या आधी कुंडीकडे जाईल. आणि एकाच फांदीला पानं.

झाड घेऊन जातो, मुळ्या धुऊन नर्सरीतल्या खडीत जगवून देतो, असं सलीम जाताना म्हणाला होता. दोनशे रुपयांत. मी नाही म्हटलं.