रूपाच्या मामाची फळं

पनवेल, ९ ऑगस्ट

चि. जीवन यास,

आम्ही बरे आहोत. तुझ्या ताईच्या गुडघ्याची सूज आता उतरलीय. तू तिला रोज फोन करतोस, म्हणजे तुला हे ठाऊकच असणार. तरी लिहिलं.

उलव्यात तुझ्या गाळ्यावर अ‍ॅव्होकाडोला रांग लागते म्हणे. काचेच्या पेटीत दिवासुद्धा लावलायस. फळाला दिवा कशाला? देठाशी नाक नेऊन आंबा ओळखायला तुला मी शिकवलं, हे त्या रांगेत कुणाला सांगितलंस का?

मीही हे फळ ठेवतो. हापूसची घालतो तशीच पेंढ्याच्या थरांत त्याची आढी घातली. आढीच्या कामात पनवेलच्या बाजारात माझा हात धरणारा कुणी नाही. यंदा काही फळं देठाकडून काळी निघाली. मी म्हटलं, मालच तसा आला.

पंधरवड्यापूर्वी रूपाकडे गेलो. पाचवा महिना, म्हणून निवडून फळं नेली. तिनं पिशवी ओट्याखाली सरकवली.

"अप्पा, राग मानू नका. मागची आतून काळी होती, बुरशीचा वास मारत होता. मला मामा आणून देतो."

"मामाची काय सोन्याची असतात?"

"मामा पेंढ्यात घालतच नाही. म्हणतो, मे महिन्यातला पेंढा पावसात दमट होतो, त्यातली बुरशी देठातून आत शिरते."

मामा म्हणतो! घरी येईपर्यंत कानात तेच.

तपासल्याशिवाय मी कुणाचं मानत नाही. एकाच पेटीतला अर्धा माल पेंढ्यात घातला, अर्धा उघड्या क्रेटमध्ये, फळाला फळ न टेकवता. पिकल्यावर क्रेटमधली चार सोडून सगळी कापली. काय निघालं ते लिहीत नाही.

पेंढा मागच्या अंगणात जाळला. ओला, त्यामुळे धूर फार झाला. तुझी ताई ओरडत आली, "अहो, हे काय?" म्हटलं, डास झालेत.

ती चार फळं टेम्पोवाल्या अंकुशबरोबर पाठवतोय. शनिवारी रूपाकडे जाशील तेव्हा तुझी म्हणून दे. माझी म्हटलंस तर ती हात लावणार नाही. तिच्यासमोर बस, खाऊ दे. आणि खाऊन झाल्यावर कुणाची होती ते सांग. विसरलास, तर मुद्दाम विसरलास असंच मी धरीन.

तिचा बाप, आणि मग तुझा भावोजी,
कमलाकर